जांभळ्या शालूमागचे हात

"दुसऱ्यांनी नेसलेलं मी नेसू? माझ्या लग्नाचा फोटो आहे मावशी, बोहारणीचं गाठोडं नाही!"

अशी कडाडली प्रणोती! कुठं? आपल्या पेठेतल्या शकूमावशीच्या फोटो स्टुडिओत. तर मंडळी, ऐका. प्रश्न साधा आहे — वस्त्र कुणाचं? ज्यानं विकत घेतलं त्याचं, की ज्याला शोभलं त्याचं? ...ओ निळी टोपी! मोबाईल खिशात! नाहीतर तुम्हीच करा कीर्तन, मी बसतो तिथं!

हां. तर प्रणोतीला हवा होता नवा गाऊन. घालणार किती वेळ? पंधरा मिनिटं! मग कपाटात कुजणार. आणि शकूमावशीचा नेम काय? स्टुडिओत नवं कापड यायचं नाही, जुन्याला कात्री लागायची नाही! सगळं चिमट्यांवर. तीच साडी आज घागरा, उद्या झगा, परवा पुन्हा साडी. जुन्या मच्छरदाणीचं धुकं! तोंडावर उजेड पाडायला स्टीलची परात! आठवतं ना, आजी? तुम्ही हसताय म्हणजे तुम्हीपण काढलाय तिथं फोटो! समोरून महाराणी — मागून वाळत घातलेलं धुणं!

काय दिवस होते! एकच कोट. अख्ख्या पेठेतले नवरदेव त्यात उभे राहिले. कुणाला ढगळ, कुणाला तंग, पण फोटोत सगळे रुबाबदार!

मावशीनं ट्रंक उघडली. "नेसू नकोस बाई. नुसतं बघ तरी." आणि वरच निघाला जांभळा शालू. पदराला चांदणीएवढं रफू.

प्रणोतीचा हात थांबला.

का? तिच्या घरी भिंतीवर एकच फोटो — तिच्या आईचा. आई गेली तेव्हा ही पाच वर्षांची. फोटोत हाच शालू, हेच रफू! आई सांगायची, "हा तुझ्या लग्नात तुला." सोळाव्या वर्षी पोरीनं घरातल्या सगळ्या पेट्या उपसल्या. शालू नाही! मग आळ कुणावर? काकीवर! "माझ्या आईचा शालू हिनंच ढापला!" आठ वर्षं, मंडळी, आठ वर्षं काकीशी अबोला. एका गल्लीत राहून!

"मावशी, हा काकीनं विकला ना तुम्हाला?"

"विकला? अगं, हा माझ्या वडलांनी स्टुडिओसाठी घेतलेला. निम्मी पेठ नेसलीय."

"मग माझी आई...?"

"तिला कुठला गं शालू? फोटोपुरता नेसली. अंगानं बारीक, सारखा घसरायचा. शेवटी मागं बसून दोन्ही हातांनी कोणी धरला, माहितीय? तुझ्या काकीनं! फोटो निघेपर्यंत हलली नाही."

विठ्ठल म्हणा रे! नुसतं बघत काय बसलात?

प्रणोती पळत काकीच्या दारात. "काकी, तुला ठाऊक होतं! मग बोलली का नाहीस?"

काकी भाकरी थापत होती. म्हणाली, "काय बोलू? तुझी आई खोटं बोलली, असं सांगू? तुझ्यापाशी तिचं तेवढंच तर राहिलेलं. मी काय, मला चोर म्हणालीस तरी मी जिवंत होते."

...पाणी द्या जरा.

मग प्रणोती म्हणाली, "मी तोच शालू नेसणार. मागून धरायला येशील?" काकीनं तवा उतरवला, चपला घातल्या. पिठाचे हात तसेच!

तर मंडळी, गाऊन टाकून जुनं नेसा, एवढंच नाही सांगत मी. तुमच्या घरातल्या फोटोंत जे समोर दिसतात, त्यांना हार घालता. मागं वाकून कोण बसलंय, कधी विचारलंत? तुम्ही कुणाला चोर ठरवून बसलाय? खाली का बघताय? माझ्याकडे बघा! मी नववीतून शाळा सोडली, पण डोळे फुटले नव्हते माझे. तरी मलाही दिसलं नाही.

कारण ती काकी माझी आई आहे. आणि मीपण चिडून तिला म्हणालो होतो, "देऊन टाक ना तो शालू!" एकदा नाही. दर दिवाळीला.

हे सगळं आज दुपारचंच, मी घरातच होतो. दोघी आत्ता स्टुडिओत आहेत. आई मागं बसली असेल, हात अवघडले असतील...

बुवा, मृदंग थांबवा. आरती तुम्हीच करा. मला निघायचंय.