काटा ऐंशीवर

शामकांत सर : पंचेचाळीस. गहिनीनाथ, तिसऱ्यांदा पंचेचाळीस सेकंद! आता उतरू का मी या मोटारसायकलवरून?

गहिनीनाथ : बसा, सर, बसा. उतरू नका. परत एक डाव जाऊ.

शामकांत सर : परत कशाला? त्रेपन्नच्या दगडापाशी मी घड्याळ चालू करतो, या बावन्नच्या दगडापाशी बंद करतो. पहिल्यांदा पंचेचाळीस, मग सेहेचाळीस, आता पुन्हा पंचेचाळीस. तो मधला एक सेकंदसुद्धा माझी टोपी उडाली म्हणून वाढला.

गहिनीनाथ : टोपी आनून दिली की तुमाला.

शामकांत सर : दिलीत. बाभळीच्या काट्यांसकट दिलीत.

गहिनीनाथ : सर, रागावू नका, पर कळ तुमी आधी दाबताय. दगुड यायच्या आधीच.

शामकांत सर : मी आधी दाबतो? अकरा वर्षं तालुक्याच्या स्पर्धांना धावण्याची वेळ मी घेतोय. आजपर्यंत एका मुलाची तक्रार आली नाही, आणि तुमची आली!

गहिनीनाथ : मंग घड्याळ बिघडलं असंल.

शामकांत सर : शाळेचं स्टॉपवॉच आहे हे! हेडमास्तरांपुढे सही करून आणलंय. शनिवारची सकाळची शाळा सुटली की माणूस घरी जाऊन जेवतो. मी मात्र तुमच्या कमरेला मिठी मारून धूळ खातोय. मला चार मुली आहेत, अहो!

गहिनीनाथ : माघारी येताना त्या खड्ड्याला मी हळू केली का न्हाई?

शामकांत सर : खड्डा गेल्यावर केलीत. हे बघा, हिशेब तिसरीतल्या पोरालाही येईल. किलोमीटरला पंचेचाळीस सेकंद म्हणजे तासाला ऐंशी किलोमीटर. तुमच्या मीटरचा काटाही ऐंशीवर. म्हणजे मीटर अगदी बरोबर आहे. लोक खूश होतात असं ऐकल्यावर! संपला विषय.

गहिनीनाथ : संपला कसा? काटा खरा निघाला तर मी खोटा निघतो, सर!

शामकांत सर : म्हणजे काय?

गहिनीनाथ : हळू बोला. त्या निंबाखाली बायका खडी फोडत्यात ना, त्यातली हिरव्या लुगड्यातली बघा. पदर पार नाकापतूर वढलाय, ती. आमची वैनी हाय ती. गोजरवैनी.

शामकांत सर : रंगनाथरावांच्या मंडळी? आणि खडी फोडताहेत? अहो, तुमची तर चांगली विहीर आहे.

गहिनीनाथ : हिरीला पानी कुठं हाय आवंदा? पर घरात खायाला हाय, सर. तिला माझ्या जिवावर खायाचं न्हाई, म्हनून येती हितं. पाच महिने झालं, माझ्यासंगं बोलत न्हाई. माझ्याम्होरं ताट सरकवती अन् भिताडाकडं तोंड करून बसती.

शामकांत सर : रंगनाथरावांना साप चावला, ते ठाऊक आहे मला. पण त्यात तुमचा काय दोष?

गहिनीनाथ : दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कडब्याच्या गंजीत चावला अण्णाला. धोतरानं माझ्या पाठीला बांदला त्याला, अन् निघालो नगरला. आमच्या वस्तीपासनं चोपन्न किलोमीटर. दहाची करमाळ्याची एस.टी. फाट्यावर उभी हुती तवा निघालो. दवाखान्यात कागदावर लिवलं अकरा. डागदर म्हनाला, अर्धा तास आधी आनला असता तर बघितलं असतं.

शामकांत सर : अरेरे.

गहिनीनाथ : दहाव्याला समदे इचारत्यात, कसा गेलास, कसा गेलास. मी सांगितलं, काटा ऐंशीच्या खाली येऊ दिला न्हाई. मूठ पार पिळली हुती. खरंच सांगितलं, सर! दोन मानसं बसली की हिचा काटा ऐंशीच्या वर जातबी न्हाई. तुमीच बघितलं आत्ता. त्या दिवशी मागं अण्णा, आज तुमी. वजनबी जवळपास सारखंच.

शामकांत सर : हं. पुढे?

गहिनीनाथ : वैनीचा भाऊ बन्सी बसला हुता. साखर फ्याक्टरीत वजनकाट्यावर हाय त्यो, आकडे लगीच मांडतो. म्हनला, ऐंशीनं गेलास तर चोपन्न किलोमीटरला चाळीसच मिनटं लागत्यात. तुला तास लागला. वीस मिनटं कुठं घातलीस?

शामकांत सर : आणि तुम्ही काय म्हणालात?

गहिनीनाथ : काय म्हननार? तवा वैनी बोलली, अन् त्येच शेवटचं बोलली. म्हनली, फटफटी जपली असंल. खड्डा आला की हळू, खडी आली की हळू.

शामकांत सर : जपता मात्र तुम्ही फार, हेही खरं. गावात सगळे हसतात.

गहिनीनाथ : जपतो! घोंगडी पांघरून ठिवतो, पितळ घासतो चिचंनं. समदं खरं. पर त्या दिवशी न्हाई जपली, सर! माझ्या आईची आन, एका खड्ड्याला ब्रेक दाबला न्हाई. कुठं थांबलो न्हाई. मंग वीस मिनटं गेली कुठं? पाच महिने रातंदीस त्येच. म्हनून म्हनलं, काटाच खोटा असंल. सरांना इचारावं.

शामकांत सर : मग हे सगळं सकाळीच नाही का सांगायचं? नुसतं म्हणालात, मीटर तपासायचंय.

गहिनीनाथ : समदं सांगितलं असतं तर आला असता?

शामकांत सर : आलो असतो! पण टोपी घरी ठेवून आलो असतो.

गहिनीनाथ : अन् हितंच आनलं तुमाला, कारन तिनं बघावं. तिच्यादेखत खरं निघावं. आता हे पंचेचाळीस घेऊन कुठं जाऊ मी? सर, एक करा.

शामकांत सर : काय?

गहिनीनाथ : तिला सांगा, साठ सेकंद झाले.

शामकांत सर : काय?

गहिनीनाथ : नुसतं म्हना. साठ सेकंदाला किलोमीटर. म्हंजी साठाचा वेग. म्हंजी चोपन्न किलोमीटरला चोपन्न मिनटं, अन् गावात शिरायला चार-पाच. बराबर तास बसतो. मी केलाय हिशोब, बन्सी एकलाच शाना न्हाई.

शामकांत सर : गहिनीनाथ, मी विज्ञानाचा शिक्षक आहे.

गहिनीनाथ : म्हनूनच म्हनतो! तुमचं ती ऐकंल.

शामकांत सर : अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? वर्षभर पोरांच्या कानीकपाळी ओरडतो, की जेवढं भरलं तेवढंच लिहा, उत्तर आधी ठरवून आकडे भरू नका! आणि विधवा बाईपुढे उभं राहून मी तेच करू? वाईट वाटतंय मला तुमच्यासाठी, खरंच वाटतंय. पण घड्याळ पंचेचाळीस म्हणतंय आणि दगड सरकारी आहे. दोघांपैकी कुणालाही तुमच्याशी वैर नाही.

गहिनीनाथ : मंग मीच मारला म्हना की अण्णाला! म्हना!

शामकांत सर : ओरडू नका. बायका बघताहेत.

गोजरबाई : सर.

शामकांत सर : अं? हो, बोला बाई.

गोजरबाई : तुमच्याशी बोलती मी. बाकी कुनाशी न्हाई. त्यो दगुड जाग्यावर न्हाई.

शामकांत सर : कोणता दगड?

गोजरबाई : ह्योच, तुमी ज्याच्याम्होरं उभं हाय. नगर बावन्न. त्यो हितला न्हवं. तिकडं रस्त्याखालच्या मोरीच्या पल्याड हुता, नगरच्या अंगाला. आमी हलवला.

शामकांत सर : हलवला? किलोमीटरचा दगड हलवलात तुम्ही?

गोजरबाई : रस्ता रुंद कराया काढला तवा साहेबांनीच उपटून टाकला हुता. आमच्यातल्या केशरबाईनं त्याला शेंदूर लावला, अन् त्याच दिवशी पान्याचा टँकर आला. आठ दिवस आला न्हवता, त्यो आला. मंग त्याला मोरीत कसा टाकायचा? मुकादमाच्या बैलगाडीत घातला अन् हितं सावलीला आनून बशिवला.

शामकांत सर : अहो बाई, तो जिथला तिथेच पुरायचा असतो! त्याच्यावर आकडा लिहिलेला असतो!

गोजरबाई : तितं ऊन लई लागतं.

शामकांत सर : दगडाला?

गोजरबाई : आमाला. अन् देवाला उन्हात ठिवत्यात व्हय?

शामकांत सर : कपाळ माझं! माणसं या दगडावर विश्वास ठेवून चालतात! साहेबांना कळलं तर?

गोजरबाई : साहेबच नारळ वाढवून गेले गेल्या मंगळवारी.

शामकांत सर : धन्य आहे. आणि मी, विज्ञानाचा शिक्षक, त्या शेंदराकडे तीनदा बघून तीनदा कळ दाबली. किती लांब हलवलात?

गोजरबाई : ते कसं सांगू? ती मोरी दिसती का, तिच्या पल्याड. पाव किलोमीटर म्हनला हुता मुकादम.

गहिनीनाथ : सर! मंग पंचेचाळीस सेकंदात पुरा किलोमीटर झालाच न्हाई!

शामकांत सर : थांबा, थांबा. उड्या मारू नका. मुकादम म्हणाला, यांनी ऐकलं, तुम्ही धरून बसलात. असं नाही चालत. बाई, एक्कावन्नचा दगड तरी जागेवर आहे का? की तोही देव झाला?

गोजरबाई : न्हाई, त्यो तसाच हाय. त्रेपन्नचाबी हाय. ते दोघं रस्त्यापासनं जरा लांब हायेत, त्यांना कुनी शिवलं न्हाई.

शामकांत सर : मग बावन्नला सोडून द्या. त्रेपन्न ते एक्कावन्न, सलग दोन किलोमीटर. काटा ऐंशीच्या खाली आला तर मी चालत घरी जाईन. पण बाई, एक विचारू? तीन वेळा आम्ही तुमच्यापुढून गेलो. तुम्ही आत्ता का बोललात?

गोजरबाई : पयल्यांदा तुमी ह्या दगडाम्होरं घड्याळ बघितलं तवाच म्हाईत हुतं मला. तिन्ही येळा वाटलं, गप बसावं. खोटं पडू दे ह्यांना. पाच महिने मला तेच पायजे हुतं. पर आमीच त्याला देव म्हनलं, हळद-कुकू व्हायलं. त्याच्या तोंडून खोटं कसं वदवू?

शामकांत सर : चला, गहिनीनाथ. आता तुम्ही गप्प बसायचं. मी टोपी खिशात घालतो.

(मोटारसायकल त्रेपन्नच्या दगडाकडे जाते. थोड्या वेळाने निंबापुढून धुरळा उडवत भरधाव निघून जाते, आणि मग सावकाश परत येते.)

गोजरबाई : किती?

शामकांत सर : थांबा, डोळ्यांतली माती काढू द्या. एकशे वीस. दोन किलोमीटरला एकशे वीस सेकंद. म्हणजे दोन मिनिटं.

गोजरबाई : मला आकडे कळत न्हाईत, सर. मराठीत सांगा.

शामकांत सर : काटा ऐंशी दाखवतो, पण गाडी पळते साठनंच. काटा खोटा आहे, बाई. चोपन्न किलोमीटरला चोपन्न मिनिटं, मग नगरातले टांगे, सायकली. झाला तास. यांनी वीस मिनिटं कुठेही घातली नाहीत. ती वीस मिनिटं नव्हतीच कधी.

गोजरबाई : मनात आनलं असतं तर अजून जोरात गेली असती का?

शामकांत सर : नाही. मी मागून हात पुढे घालून बघितलं. मूठ पूर्ण पिळलेली होती, याच्या पुढे ती फिरतच नाही. हिची ताकदच तेवढी.

गहिनीनाथ : लबाड! ऐंशी म्हनती मला! घोंगडी पांघरली तुला, पितळ घासलं तुझं, अन् तू पाच महिने मला...

शामकांत सर : अहो, लाथा कसल्या मारता! मला घरी जायचंय हिच्यावरून!

गहिनीनाथ : जाळून टाकतो हिला, सर. मी काट्याकडं बघत हुतो. अण्णा मागं कन्हत हुता अन् मी म्हनत हुतो, भिऊ नको, ऐंशीनं चाललोय, आत्ता पोचतोय. त्याला खोटं सांगत गेलो मी सबंद वाट.

गोजरबाई : भाऊजी.

शामकांत सर : गहिनीनाथ, तुम्हाला हाक मारताहेत.

गहिनीनाथ : ऐकलं मी, सर.

गोजरबाई : त्वांड बघा कसं धुळीनं भरलंय. निंबाखाली घागर हाय. जावा, पानी प्या.

गहिनीनाथ : वैनी, अण्णानं वाटंत दोनदा पानी मागितलं हुतं. मांदळी गावापाशी एकदा, अन् म्होरं एकदा. मी थांबलो न्हाई. येळ जाईल म्हनून थांबलो न्हाई.

गोजरबाई : हे मला कुनी सांगितलं न्हवतं.

गहिनीनाथ : मी कुनालाच सांगितलं न्हाई.

गोजरबाई : या हिकडं. थांबा, मी वतती. वंजळ धरा.