आव्राम कुठल्या रकान्यात

…आता दोन्हींत वाईट कुठलं, ते एका शब्दात कसं सांगू तुला? तू क्लुज शहरातनं एवढ्या लांब आलीस, कागदावर दोन रकाने आखून आणलेस — एकीकडे सोन्याची खाण, एकीकडे माझ्या पोराची ती कॉम्प्युटरमधली नाणी काढायची यंत्रं — आणि खाली ओळी पाडल्यास, पाणी, हवा, आवाज, तब्येत. चांगलं केलंस. आपण ओळीनंच जाऊ. पाणी लिही. ओढा बघितलास ना येताना? नारिंगी. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हाही तसाच होता. त्यातल्या दगडाला हात लावलास तर हाताला गंज लागतो. मासा म्हणशील तर या ओढ्यात मी उभ्या जन्मात बघितला नाही. आणि वर ते तळ्यासारखं दिसतं ना, ते तळं नाही बाई, खाणीचा गाळ आहे तो, विषानं धुतलेला. खाण बंद पडून सतरा वर्षं झाली, माणसं गेली, दुकान गेलं, शाळा गेली — गाळ कुठं जाणार? बसलाय आपला. निकोदिम, माझा नवरा, एकतीस वर्षं त्या खाणीत उतरला. तो म्हणायचा, एका अंगठीसाठी ट्रकभर दगड फोडावा लागतो. आणि माझी अंगठी बघ. चांदीची आहे, तीही पातळ. रोज वर आल्यावर कपडे काढून तपासायचे त्यांना, सोन्याचा कण नखातसुद्धा राहू द्यायचे नाहीत. घरी यायची ती नुसती धूळ. ती मात्र कुणी तपासली नाही. छातीत भरून आणायचा, फुकट. त्यातच गेला. लिहिलंस? तब्येतीच्या ओळीत? बरं.

आता पोराचं. होरेआ चार वर्षांपूर्वी आला, गाडीभर खोकी घेऊन. मला वाटलं, राहायला आला — मी वरची खोली झाडून घेतली, गादी उन्हात टाकली. खोकी गेली त्या पलीकडच्या शेडमध्ये, खाणीची हवा भरायची यंत्रं असायची ना तिथं. म्हणाला, आई, ही यंत्रं गणितं सोडवतात, ज्याचं आधी सुटेल त्याला नाणं मिळतं. मी विचारलं, आणि बाकीच्यांनी केलेली गणितं? तो म्हणाला, ती वाया. म्हणजे शंभर जणांनी खणायचं, एकाची गाडी मोजायची आणि बाकी नव्याण्णव गाड्या दरीत ओतायच्या — निकोदिमनं ऐकलं असतं तर त्याला हे पटकन कळलं असतं. धूर नाही, गाळ नाही, पाणी नारिंगी होत नाही. वीज तेवढी लागते. ती कुठून येते? खाली दक्षिणेत कोळसा जाळतात, तिथनं येते, असं होरेआच म्हणाला. म्हणजे गाळ दुसऱ्या कुणाच्या तरी दारात. तुझ्या कागदावर त्या लोकांची ओळ आहे का? नाही? असू दे, तू एकटी किती फिरशील. आणि आवाज — आवाजाची ओळ मोठी ठेव. चाळीस यंत्रं, प्रत्येकाला दोन पंखे, दिवसरात्र, रविवार नाही, ईस्टर नाही. ते घोंगावणं दाढेत बसतं. कोंबड्या अंड्यावर बसेनात. तू घे ना ती त्सुइका, आलुबुखाराची दारू आहे, घरची. तोंड नको वाकडं करू, दुसऱ्या घोटाला गोड लागते.

ते पलीकडचं घर बघतेस ना, निळ्या खिडकीचं, ओढ्याच्या त्या अंगाला? ते आव्रामचं. निकोदिमच्या जोडीनं खाणीत असायचा, एकाच बोगद्यात, एकाच धुळीत. त्याची बायको गेली, माझा नवरा गेला, मग या आख्ख्या दरीत आम्ही दोघंच उरलो. तो त्याच्या अंगणात, मी माझ्या, मध्ये हा एवढासा ओढा. सकाळी मी दार उघडलं की तो ओरडायचा, वेतुरिया, मेलीस का जिवंत आहेस? मी म्हणायची, तुला मक्याची मामालिगा शिजवून कोण देणार म्हणून जिवंत आहे. झालं, सुरू झाला दिवस. हवापाणी, कुणाचं पत्र, कुणाचा गुडघा — सगळं इथनं तिथं, उभ्या उभ्या. हसतेस? नाही गं, तसलं काही नव्हतं. असतं तर ओढा ओलांडला असता की कुणीतरी. यंत्रं आली आणि बोलणं बंद पडलं. ओरडलं तरी पोचेना. तो तोंड हलवायचा, मी मान हलवायची. मग मान हलवणंही राहिलं. थंडीत कोण उभं राहतं नुसती मान हलवायला?

छाती त्याचीही तीच, धुळीची. सरकारी दवाखान्यानं ऑक्सिजनचं यंत्र दिलं होतं, विजेवर चालायचं, नाकात नळी. सुटी टाकीही होती, पण तिची चावी फिरवायला बोटांत जोर नव्हता त्याच्या. गेल्या डिसेंबरात मी सूप घेऊन गेले तर दिवा पिवळा, मिणमिणता, सगळी वीज शेडमध्ये ओढलेली, आणि ते यंत्र धापा टाकतंय त्याच्याबरोबर. मला म्हणतो, वेतुरिया, तुझ्या पोराची गणितं संपली की कळव, मग मी श्वास घेतो. मी हसले. तोही हसला, मग खोकत बसला. होरेआला सांगितलं मी — सांगितलं नाही असं नाही. तो म्हणाला, आई, मार्चमध्ये नवा ट्रान्सफॉर्मर बसवतो. आणि जानेवारीत आणखी तीस यंत्रं आणली. आणि — हे लिहू नकोस — त्या शेडमधून एक पत्र्याचा पाइप काढला त्यानं, जाडजूड, चंदेरी, सरळ माझ्या खोलीत. यंत्रांची गरम हवा. त्या हिवाळ्यात मी एक लाकूड फोडलं नाही. बाहेर उणे अठरा आणि मी अनवाणी. माझे हात बघ, ही बोटं वाकडी झालीत ती कुऱ्हाडीनं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी घर गरम केलं होतं. मी पुन्हा नाही विषय काढला पोराकडे. सांगितलं होतं ना एकदा.

फेब्रुवारीत, गुरुवार होता, दुपारी जेवून त्या पाइपाशेजारी पडले तर डोळा लागला. चारच्या सुमाराला अंगणात आले तर पलीकडची खिडकी सताड उघडी. म्हटलं, म्हाताऱ्याला वेड लागलं. फळीवरनं ओढा ओलांडला, आत गेले. खिडकीखाली जमिनीवर बसला होता, गार पडलेला, एक हात वर, चौकटीवर. वीज मधे कधीतरी गेली असणार, ऑक्सिजन बंद पडला असणार. मी गेले तेव्हा परत आली होती — यंत्र व्यवस्थित चालू, नळी पलंगावर, रिकाम्या उशीला हवा घालतेय. नळी खिडकीपर्यंत पुरत नव्हती. काढून ठेवून गेला तो. आता मला सांग, तू शिकलेली आहेस, फुप्फुसाचा रोगी माणूस असल्या थंडीत खिडकी कशाला उघडेल? हवेसाठी, असं डॉक्टर म्हणाला. गुदमरलं की माणसं उघडतात खिडकी. असेल. पण त्या खिडकीतून समोर दिसतं काय? माझं दार.

डॉक्टरनं लिहिलं, दगडाच्या धुळीचा जुना रोग. म्हणजे सोन्याच्या रकान्यात गेला. खोटं नाही लिहिलं त्यानं. मग वीज खात्याचा माणूस आला, तुझ्यासारखाच कागद घेऊन, म्हणाला, आजी, दिवे कमीजास्त होतात का इथं? होरेआ तिथं दाराला टेकून उभा होता, मोबाइलमध्ये बघत. मी म्हटलं, नाही हो, कधीच नाही. आव्रामचं यंत्रच जुनं होतं, असंही म्हटलं. ते कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. थांबलीस का लिहायची? लिही, आता तेही लिही आणि पाइपाचंही लिही.

यंत्रं गेली एप्रिलमध्ये. आव्राममुळे नाही, इथली वीज महाग पडायला लागली म्हणून. दोन ट्रक भरून गेली, पाइपही काढून नेला. पहिल्या दिवशी मला वाटलं, मी बहिरी झाले. मग ओढा ऐकू यायला लागला. इतकं शांत असतं आता की सकाळी दार उघडलं की मी घसा खाकरते, म्हणजे — सवयीनं. तुझा आवाज मंगळवारपासूनचा पहिला. त्याआधी टपालवाला आला होता, तो गाडीतून उतरत नाही.

होरेआ रविवारी फोन करतो. वाईट नाही गं तो, त्याला वाईट लिहू नकोस. परवा खुशीत होता. म्हणाला, आई, नवी जागा मिळाली, स्वस्त वीज, चीजचा जुना कारखाना आहे, पंचेचाळीस घरांचं गाव. मी विचारलं, गावात कुणी आजारी आहे का रे? तो मग म्हणाला, तू पण ना, आई. आणि तिकडचं हवामान सांगत बसला. पंचेचाळीस घरं. एवढ्या घरांत एक तरी म्हातारा नळी लावून बसलेला असणार, नाही का? नाहीतर तान्हं मूल असेल. आणि माझ्यासारखी एखादी असेल, पाइप मिळाला की गप्प बसणारी.

गावाचं नाव पोयेनित्सा. लिही, मी सांगतेय ना, लिही. कारखाना पुलाच्या अलीकडे, पुढच्या महिन्यात सुरू करतोय, त्याआधी वीज खात्याकडे पोचू दे हा कागद. माझं नाव घाल — वेतुरिया हाराग्, निकोदिमची विधवा. आणि तो माझा मुलगा आहे हेही घाल, नाहीतर म्हणतील, म्हातारी कुणावर तरी सूड उगवतेय. सही कुठं करू? इथं? पेन चालत नाही तुझं… हां, चाललं. घे. नको, परत वाचून दाखवू नकोस. काही विचारूही नकोस आता. बस येईल खाली, तिला इथं थांबायची सवय राहिलेली नाही, हात कर तिला. आणि वळून माझ्याकडे बघू नकोस — बघितलंस तर मी तुला बोलावून घेईन आणि तो कागद फाडीन. जा, पोरी. जा म्हणते ना.