पिवळ्या खुणांच्या वाटेवर

मी, खाली सही करणारी, वय छत्तीस वर्षे, धंदा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याची नोकरी, राहणार जुन्या बाजाराच्या मागे, पाण्याच्या टाकीसमोरील इमारत, तिसरा मजला, आज ठाण्यात समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून व स्वखुशीने सांगते ती हकीकत अशी:

वरील पत्त्यावर मी व माझ्या सासूबाई अशा दोघी राहत होतो. सासूबाईंचे वय सदुसष्ट. त्या इस्पितळाच्या धुलाई विभागातून निवृत्त झाल्या होत्या. माझे पती बस आगारात मेकॅनिक होते. ते तीन वर्षांपूर्वी आजारपणात वारले. आम्हाला मूलबाळ नाही. एक धाकटी नणंद आहे, ती लग्न होऊन परगावी असते. जबाब लिहिताना सासूबाईंचा उल्लेख 'मयत' असा होत होता. तसे न लिहिता 'सासूबाई' असे लिहावे, अशी मी विनंती केली. ती साहेबांनी मान्य केली.

पती वारल्यावर मी माहेरी का गेले नाही, असे मला विचारण्यात आले. तसा विषय आमच्यात कधी निघालाच नाही. पती गेल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "उद्यापासून कामावर जाणार ना? डबा करू का?" मी हो म्हणाले. तेव्हापासून तसेच चालू होते.

माझ्या पतींना शहराबाहेरच्या प्रादेशिक उद्यानात तंबू लावून राहण्याचा नाद होता. दर हिवाळ्यात दोन-तीन वेळा तरी ते जात. मी एकदाच गेले होते, मला थंडी बाधली. सासूबाई कधीच गेल्या नव्हत्या. "घर असताना चिखलात काय झोपायचं," असे त्या म्हणत व मुलाला 'भटक्या' म्हणून हाक मारत. पती वारल्यापासून तंबू, झोपायच्या पिशव्या, छोटा स्टोव्ह व त्यांचे चालायचे बूट एका मोठ्या थैलीत माळ्यावर पडून होते. गेल्या महिन्यात माळा साफ करताना सासूबाईंनी ती थैली खाली काढायला लावली. तंबूला कोंदट वास येत होता. त्या म्हणाल्या, "हा असाच कुजून जायचा. एकदा लावून तरी बघू." म्हणून आम्ही शुक्रवारी दुपारच्या बसने उद्यानात गेलो. जाण्याचा आग्रह त्यांचा होता, माझा नव्हता. नणंदेने तक्रारीत याच्या उलट सांगितले आहे. तिला माहीत नसल्यामुळे तसे झाले असावे.

थंडीचे दिवस असल्याने तळ्याकाठच्या तंबूच्या जागा बहुतेक रिकाम्या होत्या. आमच्या शेजारी एक निवृत्त वायरमन व त्यांची पत्नी उतरली होती, बाकी कोणी नव्हते. तंबू लावायला आम्हाला बराच वेळ लागला. काठ्या कोणत्या भोकातून घालायच्या हे दोघींनाही कळेना. एकदा उभा राहिलेला तंबू सासूबाईंच्या अंगावर पडला. त्या आतूनच ओरडल्या, "राहू दे असाच! मी आता आत आहेच!" शेवटी वायरमन आले व त्यांनी तंबू लावून दिला. त्यांच्या पत्नीने आम्हाला गरम सूप दिले. शुक्रवारी आमच्यात कसलाही वाद झाला नाही. सासूबाई इतक्या हसलेल्या मी तीन वर्षांत पाहिल्या नव्हत्या.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी तंबूबाहेर स्टोव्हवर चहा करत होतो. शेजारच्या बाईंनी जबाबात सांगितले आहे की, त्या वेळी आमचे भांडण चालू होते, सासूबाई "जा, जा ना मग!" असे ओरडत होत्या व मी रडत होते. हे शब्द खरे आहेत. मी रडत होते हेही खरे आहे. भांडण नव्हते. सासूबाईंना कमी ऐकू येत असे. धुलाईच्या यंत्रांशेजारी त्यांची उमर गेली होती, त्यामुळे स्वतः बोलतानाही त्यांचा आवाज चढलेलाच असे. माझे पती त्यांना चेष्टेने 'भोंगा' म्हणत. आमच्या इमारतीतले लोक त्यांना ओळखतात, त्यांना विचारले तरी चालेल.

प्रत्यक्षात बोलणे झाले ते असे. मी म्हणाले, "आई, एक सांगायचं होतं."

त्या म्हणाल्या, "मग सांग ना. कालपासून घशात घास अडकल्यासारखी बसली आहेस."

मी सांगितले की, आमच्या दुकानात काचा पोचवायला एक गृहस्थ येतात. त्यांची बायको पूर्वीच वारली आहे. त्यांनी मला लग्नाचे विचारले आहे. मी अजून काही उत्तर दिलेले नाही.

त्या चहा ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तोच ना, ज्याचा फोन आला की तू गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालतेस? माझी झाडं कुजली त्याच्यापायी."

मी म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं?"

"कान गेलेत माझे, डोळे नाही. चष्मा तूच बसवून दिलास, तोही चांगला बसवलास."

मी म्हणाले की, तुम्हाला एकटीला टाकून मी कुठे जाणार नाही, तसे त्या गृहस्थांना कळवून टाकते. तेव्हा सासूबाई चिडल्या. त्या म्हणाल्या, "माझ्या नावावर खपवू नकोस! मी काय दाराची कडी आहे, मला लावून आत बसायला? जायचं आहे ना? जा, जा ना मग! माझी काळजी मी करीन." शेजारच्या बाईंनी ऐकले ते हे बोलणे.

त्यानंतर त्यांनी चहा गाळून माझ्यापुढे ठेवला. मग त्यांनी आवाज उतरवून विचारले, "भटक्याचे कपडे कुठे आहेत?" मी सांगितले, कपाटातच आहेत. त्या म्हणाल्या, "देऊन टाक आता. नवीन माणसाच्या डोळ्यासमोर कशाला? फक्त ते बूट मला दे." त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. चहाची वाफ चष्म्यावर आली म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला, असेही मी म्हणू शकते. पण साहेबांनी जसे दिसले तसे सांगा म्हटले, म्हणून सांगते.

त्यानंतर आम्ही खाऊन घेतले. सासूबाईंनी पतींचे बूट पायात घातले. ते त्यांना दोन नंबर मोठे होते. पुढच्या बाजूला मोजे कोंबून व नाड्या घट्ट आवळून ते मी बसवून दिले. बूट मीच बांधून दिले का, असे मला दोनदा विचारण्यात आले. होय, मीच बांधून दिले. त्या बसल्या होत्या, मी खाली वाकले होते. त्यांनी पाय आपटून पाहिला व म्हणाल्या, "छान बसले. मापाचे असते तर चावले असते."

तंबूच्या जागेपासून टेकडीवर एक पायवाट जाते. तिच्यावर पिवळ्या रंगाच्या खुणा केलेल्या आहेत. वर एक लाकडी मचाण आहे, तेथून तळे व पलीकडे शहर दिसते. माझे पती उद्यानात आले की तेथे जात. सासूबाई म्हणाल्या, "भटक्या काय बघायला जायचा एवढं, ते बघून येते." मी सोबत यायला उठले. त्या म्हणाल्या, "तू बस. लहान पोरीसारखी मला सांभाळत मागे मागे येऊ नकोस. तू फोन कर त्याला. म्हातारी चिडली नाही म्हणून सांग. बिचारा वाट बघत असेल." त्यांनी शाल घेतली, काठी घेतली नाही. ऊन चांगले पडले होते. त्या वळून न बघता गेल्या. त्यांचा तो स्वभाव होता, त्यावरून काही अर्थ काढू नये.

तंबूजवळ फोनला रेंज मिळत नाही. मी पाण्याच्या नळामागच्या उंचवट्यावर गेले व त्या गृहस्थांना फोन केला. आम्ही पुष्कळ वेळ बोललो. त्या वेळी मी हसत होते, असे शेजारच्या बाईंनी सांगितले आहे. होय, मी हसत होते.

जेवायची वेळ टळून गेली तरी सासूबाई परतल्या नाहीत. त्या कोणाशी तरी गप्पा मारत बसल्या असतील असे मला वाटले. ऊन तिरके होऊ लागले तेव्हा मी वायरमनना सांगितले. वाटेच्या तोंडाशी उद्यानाच्या रखवालदाराची चौकी आहे, तोही आमच्याबरोबर निघाला. वर चढताना एके ठिकाणी लाकडी ओंडक्यांच्या पायऱ्या लागतात. त्यांच्यावर ओला पाला साचला होता. पायऱ्यांवर उजव्या पायाचा बूट पडलेला होता. नाडी बांधलेली होती. सासूबाई खाली झुडपांच्या कडेला पडल्या होत्या.

त्या शुद्धीवर होत्या. डोक्याला मागून लागले होते. मी जवळ बसून हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मोठ्याने बोल." मग मी मोठ्याने बोलले. काय बोलले ते मला आठवत नाही. रखवालदार व वायरमन यांना आठवत असल्यास त्यांना विचारावे. सासूबाई त्यानंतर काही बोलल्या नाहीत, पण ऐकत होत्या असे मला वाटते. रुग्णवाहिका आली. मी त्यांच्याबरोबर आत बसले. इस्पितळाच्या दारात डॉक्टरांनी तपासून त्या गेल्याचे सांगितले. हे तेच इस्पितळ, जिथे त्यांनी नोकरी केली. एका जुन्या परिचारिकेने त्यांना ओळखले आणि आतून पांघरायला धुतलेली चादर आणली.

सासूबाई मचाणापर्यंत पोचून परत उतरत होत्या की चढतानाच घसरल्या, हे मला सांगता येत नाही. पोचल्या असाव्यात असे मी धरून चालते.

नणंद काल सकाळी आली. इस्पितळाच्या व्हरांड्यात तिने मला विचारले, "वहिनी, तू तिला काय सांगितलंस?" मी लपवले नाही, सगळे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे तू लग्न करतेस हे ऐकून ती गेली डोंगरावर. तिला जगायचंच नव्हतं. तू तिला सरळ सांगून टाकलंस, दादाच्या तंबूत बसून." त्यानंतर तिने ठाण्यात येऊन तक्रार दिली. तिच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. तिची आई गेली आहे.

सासूबाईंनी जिवाचे बरेवाईट करून घेतले असावे असे मला वाटते का, असे विचारण्यात आले. काल रात्री मला काही काळ तसे वाटले. त्या हसून बोलल्या ते मला बरे वाटावे म्हणून, असे वाटले. मी माझा फोन बंद करून ठेवला. ते गृहस्थ दोनदा घरी येऊन गेले, मी दार उघडले नाही.

आज नणंद व मी दोघीही समोर असताना साहेबांनी रखवालदाराचा जबाब वाचून दाखवला. त्यात त्याने असे सांगितले आहे की, शनिवारी सासूबाई वाटेला लागण्यापूर्वी त्याच्या चौकीपाशी थांबल्या व त्याला विचारू लागल्या, की पुढच्या हिवाळ्यात आम्ही तिघं येणार आहोत, तर झाडाखालची मोठी जागा मिळेल का, आणि ती आधीपासून धरून ठेवता येते का. त्याने सांगितले, धरता येत नाही, लवकर यावे लागते. तेव्हा त्या म्हणाल्या, "लवकर येऊ. नवीन माणूस आहे बरोबर, त्याला तंबू येतो की नाही देव जाणे."

वाचन झाल्यावर नणंदेने ते शेवटचे वाक्य पुन्हा वाचायला लावले. तिसरे कोण, असे साहेबांनी मला विचारले. ते गृहस्थ, असे मी सांगितले. त्यांनाही तंबू लावता येत नाही.

त्यानंतर नणंदेने साहेबांना, तक्रार पुढे चालवायची नाही, असे स्वतःहून सांगितले. सासूबाईंचा देह ताब्यात घेण्याच्या कागदावर मुलगी म्हणून तिच्या एकटीची सही पुरेशी आहे, असे साहेब म्हणाले. ती म्हणाली, "वहिनीचीही घ्या." तशी माझी सही घेण्यात आली. बाहेर बाकावर बसल्यावर तिने मला विचारले, "आईने खाल्लं होतं का गं काही?" मी सांगितले, दोन अंडी, पाव, आणि माझ्या ताटातला अर्धा बटाटा. ती म्हणाली, "मीठ मागितलं असेल." मी म्हणाले, "मागितलं. आणि आम्ही न्यायला विसरलो होतो." तेव्हा ती माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडली. या गोष्टीचा तपासाशी संबंध नाही हे मला मान्य आहे. तरी ती लिहून घ्यावी अशी माझी विनंती आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार अगर कोणावर संशय नाही. हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच लिहिलेला आहे. एके ठिकाणी 'राहतो' असे लिहिले गेले होते, ते मी 'राहत होतो' असे दुरुस्त करून घेतले. बरोबर आहे म्हणून खाली सही करते.