रुमालाखालचे सात चमचे

माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. आमच्याकडं आलं लय पिकतं, मी परकर घालायच्या वयापासनं आईबरोबर आलं काढायला जायची, नखात माती आणि अंगाला आल्याचा वास, शाळंत बाई म्हणायच्या ही पोरगी वर्गात आली की चहा प्यावासा वाटतो. सातवीपर्यंत शिकले, मग घरी बसले, मग लग्न, आणि आल्यातनं उठून थेट सांगलीला हळदीत आले. आमचे मालक, म्हणजे नवरा, मार्केट यार्डात एका अडत दुकानात हळदीचे सौदे काढायला हुते. लग्नात हळद लावायच्या वेळंला आमच्या आत्यानं त्येंचे हात बघितले, कोपरापर्यंत पिवळे, आणि मांडवात मोठ्यानं म्हणली, अगं ह्यो तर घरनंच लावून आलाय, आपली वाटी परत न्या. अख्खा मांडव हसला. मालकबी हसले. तवा माझ्या मनात आलं, बरं झालं बाई, हसणारा मिळाला. पुढं तेच कामाला आलं, काय सांगू तुमाला ताई.

आता त्येंचं काम काय ते आधी सांगते, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. आमच्या दुकानात सौदा तोंडानं न्हवता हुत. हळदीची रास पुढ्यात, भवतीनं व्यापारी, मालकांच्या हातावर लाल रुमाल. एकेक व्यापारी यायचा, रुमालाखाली हात घालायचा आणि मालकांची बोटं दाबायचा. दोन बोटं धरली तर दोन, सगळा पंजा म्हणजे पाच, पंजा दाबून वर एक बोट म्हणजे सहा. एकानं काय दिलं ते दुसऱ्याला कळायचं न्हाई. ज्यानं हात झटकून काढून घेतला त्येचा सौदा मोडला. सगळ्यांचं झालं की जास्तीचा भाव मालक मोठ्यानं पुकारायचे, आणि आवाज म्हणजे काय, यार्डाच्या फाटकावर चहावाला म्हणायचा, पातेल्याचं झाकण हाललं. बावीस वर्षं त्येंनी ते केलं आणि बावीस वर्षांत एकाचा आकडा दुसऱ्याला सांगितला न्हाई. मला पण न्हाई. मी मुद्दाम इचारायची, आवं आज कुणी किती दिलं, तर म्हणायचे, रुमालाखालचं मला ठावं आणि रुमालाला. त्येंचा तर पक्का इश्वास, की ह्या रुमालाखाली खोटं बोलणारा माणूस अजून जन्मला न्हाई. हे तेवढं ध्यानात ठेवा, कारण खोटं बोलणारी ती पुढं मीच निघाले.

मग आवाज बसला. आमी म्हणलं हळदीची धूळ. यार्डात सगळ्यांचाच बसतो. गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, शेजारच्या मावशींनी कात आणि काय काय दिलं, आणि ह्ये आपले तंबाखू मळत गुळण्या करणार, म्हणजे बघा. तीन म्हैने गेले. मग मोठ्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरांनी पयलं हात बघितले, नखं बघितली, आणि म्हणले, कावीळ कधीपासनं आहे? मी म्हणलं आवं ही कावीळ न्हाई, ही यार्डाची हळद हाय, लग्नाच्या आधीपासनं हाय. डॉक्टर हसले, मग नळी घालून घशात बघितलं, आणि मग हसले न्हाईत. तुकडा काढून तपासला. गाठ हाय म्हणले, आवाजाच्या पेटीवर, कॅन्सरची.

रिक्षात मी जी रडायला लागले ती लागलेच. ह्ये फाटक्या आवाजात म्हणले, गप की, लोकं म्हणतील नवऱ्यानं मारलं. मला रडता रडता हसू आलं. रिक्षावाला आरशातनं आमच्याकडं बघाय लागला, त्येला कळंना ही माणसं कुठनं आल्यात.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, ऑपरेशन न करता लाईट, म्हणजे मशिनीचे किरण, देऊन बघू, सात आठवडे, आणि मधूनमधून सलाईनमधनं औषध. लाईट नेमकी गाठीवर पडावी म्हणून चेहऱ्याच्या मापाचा एक जाळीचा मुखवटा करत्यात, गरम पाण्यात मऊ करून तोंडावर बसवत्यात, आणि रोज त्यो घालून मशिनीखाली झोपवत्यात, मान हालू द्यायची न्हाई. पयल्या दिवशी ह्ये बाहेर आले, गालावर जाळीचे वळ, आणि हातानंच खूण केली, पालखी कुठाय? म्हणजे गावच्या जत्रंत देवाला मुखवटा बसवल्यावर पालखीत घालत्यात तसं. मी म्हणलं पालखी न्हाई, देवाला एसटीनं जायचंय.

दोन गोष्टी डॉक्टरांनी बजावल्या. एक, बोलायचं न्हाई. दुसरी, खायचं. म्हणले, बाई, ह्यांचं वजन उतरलं तर मुखवटा ढिला होणार, ढिला झाला की लाईट जागेवर पडणार नाही, मग सगळं थांबवून नवा मुखवटा करावा लागंल, आणि मधेच थांबणं ह्या दुखण्याला चालत नाही. तुमचं काम एकच, हे जेवले पायजेत.

सोपं वाटलं मला. माणसाला जेवायला घालायचं, ते तर मी रोजच करते. पण तिसऱ्या आठवड्यात घसा सगळा आतनं सोलल्यागत झाला, थुंकी गिळताना डोळ्यांतनं पाणी. दवाखान्यात ठेवून घेतलं. पातळ पेज, मुगाचं पाणी, दूध, जे नेईन त्येला मान हालवायचे. मी चिडून म्हणलं, किती चमचे घेणार ते तरी सांगा. बोलायची तर बंदी. तर ह्येंनी खांद्यावरचा लाल रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला, आणि खालनं माझी दोन बोटं दाबली.

दोन! मीबी यार्डवाल्याची बायको, मी पंजा दाबला. ह्येंनी तीन केलं. मी पंजा सोडला न्हाई. शेवटी चारवर जमलं. ठरलं ते ठरलं, चार म्हणजे चार, डोळे मिटून घेतले आणि पाणी गाळत गाळत गिळले. रुमालाखाली दिलेला शब्द मोडायचा न्हाई, ही त्येंची खोड हुती, ती माझ्या पथ्यावर पडली. दिवसातनं सहा वेळा आमचा सौदा. नर्सबाई म्हणायच्या, मावशी, आज हळद तेजीत का मंदीत?

आठवडाभर चाललं. मग एक दिवस सकाळी मी रुमाल टाकला आणि ह्येंनी हात झटकून काढून घेतला. सौदा मोडला. दुपारी बी तसंच. दुसऱ्या दिवशी बी. भिंतीकडं तोंड करून पडले. लाईटीच्या खोलीतला माणूस मुखवटा बसवताना म्हणला, गालाजवळ सैल लागतोय. डॉक्टर म्हणले, दोन दिवस बघतो, न्हाईतर लाईट थांबवून नाकातनं नळी घालू. मी व्हरांड्यात जाऊन बसले. विनोद करून करून माझ्याकडचा सगळा माल संपला हुता, ताई. खरं सांगते.

बसल्या बसल्या इचार केला, ह्ये यार्डात काय करायचे? एका व्यापाऱ्यानं हात काढून घेतला तर काय सौदा बंद पडायचा? दुसऱ्या गिऱ्हाइकापुढं हात करायचे.

शेजारच्या खाटंवर आण्णा हुते. कृष्णाकाठचे जैन शेतकरी, त्येंचं जिभेचं दुखणं, लाईट त्येंनाबी चालू, आणि खाणं त्येंचंबी बंद. शिवाय ते दिवस मावळायच्या आत जेवणारे, मावळला की पाण्याचा थेंब न्हाई, त्यामुळं त्येंच्या बायकोचा, अक्कांचा, संध्याकाळी जीव वर-खाली व्हायचा, खिडकीतनं ऊन सरकंल तसं त्या वाटी घेऊन, घ्या की हो, घ्या की हो. मी आण्णांच्या हातावर रुमाल टाकला. म्हणलं, आण्णा, सौदा काढायचाय. आण्णांचा चेहरा असा खुलला! बोबडं बोबडं म्हणले, बगा की हो, जन्मभर माझ्याच हळदीचा सौदा झाला आणि मी बाहेर हुबा, रुमालाखाली काय चालतंय ते आज कळणार. आणि त्येंनी माझी तीन बोटं दाबली.

मी आमच्या खाटंकडं वळले आणि ह्येंच्या कानाशी वाकून, आण्णांना ऐकू जाणार न्हाई असं म्हणलं, आण्णांनी सहा सांगितल्यात.

मालक ताडकन वळले. असं बघितलं माझ्याकडं! एकाचा आकडा दुसऱ्याला सांगितला म्हणून राग, दुसरं काय न्हाई. मी खोटं बोलती हाय, हे त्येंच्या मनालाबी शिवलं न्हाई. हात पुढं केला, रुमालाखाली पंजा दाबला आणि वर दोन बोटं. सात. मी आण्णांच्या कानाशी जाऊन म्हणलं, आमच्या ह्येंनी आठ सांगितल्यात. आण्णा उठूनच बसले. म्हणले, आवं मी बागायतदार माणूस हाय, नऊ.

त्या दिवशी मालकांनी सात चमचे गिळले. एकेक चमच्याला डोळ्यांतनं धार, आणि मी वाटी धरून बसलेली, आत म्हणत हुते, देवा, हा माणूस जन्मात कुणाला फसला न्हाई आणि मी त्येला त्येच्याच रुमालानं फसवती हाय. पण चमचा थांबवला न्हाई. आणि मग रोज. दोघांची अशी ईर्षा लागली की ऊन खिडकीच्या खालच्या गजावर आलं की आण्णाच हाक मारायचे, सौदा काढा की हो. मी इकडचा आकडा तिकडं कानात दोन-तीन वाढवून सांगायची. वजन थांबलं. मुखवटा बसला. एक दिवस न चुकता सात आठवड्यांची लाईट पुरी झाली.

मुखवटा तुमचाच हाय, न्यायचा तर न्या म्हणले. आणलाय घरी. दुधाच्या पातेल्यावर ठेवते, वारं लागतं आणि मांजर लागत न्हाई. मांजर त्या चेहऱ्याकडं बघतं आणि लांबनं जातं. मालक म्हणत्यात, बघ, मी घरात नसलो तरी धाक हाय.

तपासण्या झाल्या. गाठ गेली म्हणले डॉक्टर, पण तपासायला येत ऱ्हायचं. आवाज आला, पण घोगरा, फाटकाबिटका. मला गोड लागतो.

मग आण्णांनी जेवायला बोलावलं. तेबी बरे झाले हुते. पाटावर दोघं शेजारी शेजारी, ऊन अजून अंगणात हुतं, अक्कांनी पोळ्या केलेल्या, आणि आण्णा हसत हसत म्हणले, पयल्या दिवशी मी तीनच सांगितले हुते हो, तुमी आठ म्हणला म्हणून मी नऊवर चढलो. मालक म्हणले, मी आठ कवा? आण्णा, तुमी सहा म्हणला म्हणून मी सात दिले. दोघांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात तुपाची वाटी. डॉक्टरांच्या म्होरं भ्याले न्हवते तेवढी मी त्या वेळी भ्याले.

मालकांनी खांद्यावरचा रुमाल काढला, नीट घडी घातली, मांडीवर ठेवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणले, तुझं लायसन रद्द.

आण्णांना हसता हसता ठसका लागला. सगळे हसले. पण परत येताना स्टॉपपर्यंत मालक माझ्या चार पावलं म्होरंच चालले. मला वाटलं, लागलं ह्येंना. म्हणलं, आवं, चुकलं माझं. ते रस्त्याकडंच बघत हुते. म्हणले, बावीस वर्षांत मी एक गिऱ्हाईक फसवलं न्हाई, आणि मला फसवलं कुणी तर घरच्या अडत्यानं. मग एसटी आली. खिडकीची जागा मला दिली, शेजारी बसले, आणि म्हणले, सात चमचे. मी मेलोच असतो बघ त्या दिवशी सातात. मग हसले. तवा माझा जीव भांड्यात पडला.

आता ते सकाळी दोन तास दुकानात जाऊन बसत्यात. पुकारायला दुसरा माणूस हाय, ह्ये नुसतं मालाला हात लावून सांगत्यात कोणती रास कशी, त्येला आवाज लागत न्हाई. मी दुखण्याच्या आधी हळद निवडायच्या शेडवर कामाला हुते, तिथं परत जाते. हात दोघांचे पिवळेच.

गेल्या म्हैन्यात मला ताप आला, अंग असं दुखलं की पाणी नको, अन्न नको. मालकांनी पेज केली, त्यात मीठ दोनदा पडलं, आणि वाटी घेऊन उशाला बसले. माझ्या हातावर रुमाल टाकला. मी एक बोट दाबलं. त्येंनी खिडकीकडं बघितलं, मग घोगऱ्या आवाजात म्हणले, आत्ताच आण्णांचा फोन आलता. त्येंनी चार सांगितल्यात.

घरात फोन एकच, ताई, आणि त्यो सकाळपासनं माझ्या उशाखाली हुता.

मी पंजा दाबला. खारट पेज पाच चमचे प्याले, आणि वर म्हणलं, झकास झालीय.

असं हाय बघा आमचं. लय बरं चाललंय. तुमचं शिक्षण झालं, तुमी लिहिणाऱ्या, तुमाला सगळं मिळंल, पण वेळ पडली तर उशाला बसून असं खोटं बोलणारं एक माणूस तेवढं मिळू दे तुमाला. आता उठू नका. तवा तापलाय, जेवूनच जायचं. किती भाकरी ते तोंडानं सांगू नका, तुमी शिकलेली माणसं लाजून एकच म्हणता. हात द्या इकडं. आवं, रुमाल कुठाय तुमचा?