घरी न जाणारी पुस्तकं

अध्यक्षसाहेब, गुरुजी, आयाबहिणींनो, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या माझ्या दोस्तांनो, तुम्ही सगळे सुमनताईंच्या शोकसभेला आलात, बरं वाटलं.

मी लिहून आणलं आहे. तोंडी बोललो तर अर्धं राहून जाईल. निघताना आई म्हणाली, "चार चांगले शब्द बोलजो अन् गुमान खाली बसजो." पण सुमनताई चार शब्दांत मावत नाहीत.

ताई आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. मी नववीत शाळा सोडलेला वायरमन. एकदा तिथला पंखा दुरुस्त करायला गेलो होतो. काम झालं, तशा ताई म्हणाल्या,

"काम झालं न? मंग उभा काऊन? बस, वाच."

"मले नाई जमत, ताई."

"पंखा जमते अन् पुस्तक नाई जमत? बस."

त्यांनी हातात दिलेल्या पुस्तकातल्या पोरानेही शाळा सोडली होती. माझ्यासारख्यावर कोणी पुस्तक लिहितं, हे मला तेव्हा कळलं.

अशी पुस्तकं ताईंनी एका कपाटात लावली होती. लहान मुलांची नाहीत, मोठ्यांचीही नाहीत. मधल्या वयाची. कोणाचं लक्ष नसलेली. शनिवारी त्या अशाच एका पडून राहिलेल्या पुस्तकाचा वाढदिवस करायच्या. फुटाणे वाटायच्या, एक पान मोठ्याने वाचायच्या, आणि ऐन रंगात पुस्तक मिटायच्या.

"मंग पुढं काय झालं, ताई?"

"मले काय विचारता? हात नाईत का तुमाले?"

साहेब, आता मला भीती वाटते आहे, तरी बोलतो. उद्या हिंगणघाटहून रद्दीवाला येणार आहे. ते कपाट रिकामं करायचं ठरलं आहे. ही पुस्तकं कोणी घरी नेत नाही, असं तुमच्या वाचनालय समितीचं म्हणणं.

खरं आहे. कोणी नेत नाही. पण का नेत नाही?

एक मुलगी ताईंना म्हणाली होती, "हे घरी दिसलं त माय मारंन." त्यात पाळीबद्दल होतं, दारू पिणाऱ्या बापाबद्दल होतं. ताई म्हणाल्या, "मंग इथंच वाच. पुस्तक कुठी पळून नाई जात." त्या दिवसापासून ती पुस्तकं तिथेच वाचली जातात. तीही वाचते, मीही वाचतो, अनेकजण वाचतात. नोंद नाही, कारण ताईंनी ती मुद्दामच केली नाही. पानांचे कोपरे बघा, साहेब. बोटांनी काळे झाले आहेत.

मी कोणाचं नाव घेणार नाही. आयाबहिणींनो, घरी जाऊन पोरींना विचारूही नका. ताईंनी कधी विचारलं नाही.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांच्या टेबलांना त्या कपाटाची जागा हवी, हे मान्य. टेबलं व्हरांड्यात लावा. तिथली वायरिंग मी करून देतो.

ताई, तुम्हाला नमस्कार.

आता सगळे उभे राहू या, दोन मिनिटं गप्प राहू या. त्यानंतर आधी साहेबांनी बोलावं, एवढीच विनंती. कपाट राहील की जाईल, ते सगळ्यांसमोर सांगावं. तोवर मी खाली बसणार नाही.