नाक्यावरचा स्क्रीन

स्क्रीन निवडण्यात एवढं काय असतं, असं विचारता ना? मी दुकानांबाहेर लावायचे डिजिटल स्क्रीन विकते. धामणकर नाक्यावरच्या एका कपडेवाल्या शेठनी मला बोलावलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्याच कंपनीचा, गार राहायला मागे पंखे असलेला स्क्रीन ट्रायलला लावला होता.

मी म्हटलं, "शेठ, आजूबाजूला सगळे कापड विणायचे लूम. उडता कापूस पंख्यात अडकणार, त्यात हे मे महिन्याचं ऊन. कापूस आत शिरणारच नाही असा बंद पेटीचा घ्या."

"आठवडा झाला, काय न्हाय झालं," शेठ म्हणाले.

तेवढ्यात जळका वास आला. वर स्क्रीनमागून धूर येत होता आणि बरोबर खाली शेठची आई खुर्ची टाकून बसली होती. शेठ स्विच बंद करायला आत धावले.

"आजी, उठा!"

त्यांना कमी ऐकू येतं. "तू पन बस ना पोरी, सावली हाय."

मी त्यांचं मनगट धरून ओढलंच. आम्ही बाजूला होतोय तोच पेटतं प्लास्टिक त्या खुर्चीवर पडलं.

शेठ बाहेर आले, खुर्चीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुमचा तो बंद पेटीचा कधी लावता?"

मी तारीख सांगणार, तोच आजी म्हणाल्या, "ते मागून सांग. आधी माजा हात सोड, दुखतंय."