माझ्या मातीत काय कमी आहे?

...आणि मरायचंच तर मरतुकड्यानं मरावं ना हो! जगाची रीतच आहे तशी! पण आमच्या डुकरांच्या खोपटात, तुम्हाला सांगतो, सगळा उलटा कारभार! जे पिल्लू सगळ्यात गुबगुबीत, भावंडांना ढकलून आधी कुंडीत तोंड घालणारं, तेच सकाळी बघावं तर आडवं! ना ताप, ना खोकला, ना तक्रार... संध्याकाळी पोटभर खाल्लेलं, सकाळी गार! आणि ते हाडकुळं, कान पडलेलं, ते मात्र टुकूटुकू बघत उभं, 'आज काय आहे खायला?'

बायको म्हणाली, "अहो, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलवा." म्हटलं, कशाला? उपाशी आहेत का? घरच्या शेतातलं धान्य खातात, विकतचा दाणा या दारात येत नाही, आणि माझ्या मातीत काय कमी आहे? उलट उरलेल्यांचा घास वाढवला मी! अंगात ताकद नको यायला? तर दुसऱ्या दिवशी आणखी एक गेलं... अर्थात, त्यातलं सगळ्यात जाड!

आता मात्र बायकोनं माझं ऐकलं नाही. तिनं सरळ फोन लावला.

आता मी वरवर कितीही गुरगुरलो तरी दर घटकेला खोपटात डोकावत होतोच. उरलेलीही गेली तर खोपट रिकामं, आणि आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसणार... त्यावर कुठलं औषध असतं सांगा!

डॉक्टरीणबाई आल्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आल्या आल्या मेलेलं पिल्लू फाडलं. "आजोबा, इकडं या, लिव्हर बघा." बघतो तर काय, एकसारखं गडद असायचं ते, तर जुनी गोधडी परवडली! इथं लाल ठिगळ, तिथं फिकट ठिगळ! मी ओरडलो, "विष घातलं कुणी तरी!" बाह्या सरसावून शेजाऱ्याच्या दाराकडं निघालोसुद्धा...

"अहो थांबा! कुणी काही घातलं नाही. सेलेनियम नावाचं खनिज कमी पडलंय. तुमच्या मातीत कमी, म्हणून दाण्यात कमी, म्हणून यांचं लिव्हर सडतंय. आणि जे झपाट्यानं वाढतं, त्याला आधी फटका."

मातीत कमी! माझ्या! आज्यानं कसली, बापानं कसली, कुणाला दिसलं नाही ते! शाळेत चौथीपर्यंत तरी हे सेलेनियमचं नाव आलं नव्हतं, पुढचं मला माहीत नाही.

मग उरलेल्यांना इंजेक्शन. सुईत बघतो तर थेंबभर! म्हटलं, "बाई, हात आखडता कशाला? भरा की!"

"जास्त झालं तरी मरतात, आजोबा."

घ्या! कमी दिलं तरी मरणार, जास्त दिलं तरी मरणार! औषध आहे की जावयाचा मानपान?

पण जगली हो. सगळी जगली. विकतची भुकटी आणली, खाण्यात मिसळतो... मीच मिसळतो, हो, हसा! आणि काल काय झालं? अंगात ताकद आली ना, कुंपण मोडलं आणि रांगेनं माझ्या शेतात! नाकानं सगळी पेरणी उकरून ठेवली! बायको दारातून ओरडतेय, "अहो, हाकला ना!"

मी बांधावर बसलो. म्हटलं, राहू दे... शोधतायत बिचारी, काय कमी आहे ते.